चळवळ चार कार्यकर्ते चालवतात, मग सामान्य माणसाने भाग घेतला काय नि न घेतला काय, खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की मोर्चे, सह्यांच्या मोहिमा, ग्रामसभा हे सगळं तुम्ही लांबून बघता आणि आपल्या एकट्याच्या असण्या-नसण्याने काय होणार, असं वाटून घरीच बसता. या प्रश्नाचं उत्तर मला एका मतदार यादीने दिलं. तेच सांगते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. एसटी थांब्याच्या मागे, हायस्कूलच्या वाटेवर देशी दारूचं परवानाधारक दुकान होतं. माझे धाकटे दीर त्या दुकानापायी चौतिसाव्या वर्षी गेले. जाऊबाईंच्या पदरात दोन लेकरं. दिरांचं बारावं झालं आणि बचत गटाच्या बैठकीत पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हणालं, हे दुकान हलवलं पाहिजे.

महाराष्ट्रात यासाठी कायदेशीर वाट आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा शहरातल्या वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की प्रशासन सह्यांची पडताळणी करतं आणि मग गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. बायका जिंकल्या तर परवाना जातो.

पण यात एक मेख आहे आणि तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर तिच्यातच आहे. झालेल्या मतांपैकी निम्मी मतं मिळवून भागत नाही. यादीत नाव असलेल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी आजारी आहे, जी कामावर गेली, जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिलं नाही, जी 'माझ्या एकटीने काय होतंय' म्हणून बसून राहिली, त्या सगळ्यांचं मत आपोआप उभ्या बाटलीला. आमच्या सासूबाईंना मी हे समजावून सांगत होते. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हंजी म्या हितं भाकऱ्या थापत बसले, तर दुकान म्याच चालू ठिवलं?" मी हो म्हणाले. मतदानाच्या दिवशी रांगेत सगळ्यात पुढे त्याच होत्या.

पहिल्या खेपेला आम्ही आपटलो. यादीत ९१२ बायका, सह्या हव्यात २२८. आम्ही २५१ गोळा केल्या, खूश होतो. पडताळणी ठेवली कामाच्या दिवशी. साहेबांपुढे ओळखपत्र घेऊन उभं राहायचं, सही माझीच आहे म्हणून सांगायचं. आल्या १७३. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणी भांगलणीला गेल्या होत्या, कारण एक दिवस बुडला तर रोज बुडतो. काहींच्या दारात आदल्या रात्री माणसं येऊन बसली होती. अर्ज निकालात निघाला. त्या दिवशी मला बायकांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण चूक आमची होती. आम्ही सही मागितली, दिवस मागितलाच नव्हता.

दुसऱ्या खेपेला आधी यादी हातात घेतली. तीन रात्री समाजमंदिरात बसून एकेक नाव वाचलं. मयत १९. लग्न होऊन गेलेल्या ६४. मुंबईला बिऱ्हाड असलेल्या ७१, कारण आमच्याकडची माणसं माथाडी कामाला नवी मुंबईत असतात. उरल्या ७५८, आणि मतं हवीत ४५७. म्हणजे गावात असलेल्या दर दहा बायकांमागे सहाहून जास्त जणी केंद्रावर आल्या पाहिजेत. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मग आळीवार वह्या केल्या. एका वहीत पंचवीस नावं, ती वही त्याच आळीतल्या एकीकडे. भाषण नाही, पत्रक नाही. रोज संध्याकाळी दोन घरं करायची, एवढंच.

शेती असलेल्या बायकांनी ठरवलं की पडताळणी आणि मतदान, दोन्ही दिवशी कुणाला कामाला बोलवायचं नाही आणि रोज मात्र द्यायचा. ही गोष्ट कुठल्या बातमीत आली नाही. माझ्या मते गाव जिंकलं ते इथेच.

मग शिक्का मारायची तालीम. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे दोन बाटल्या काढल्या, बांगडीला शाई लावून शिक्का केला. म्हाताऱ्या बायका नेमक्या दोन्ही चित्रांच्या मधोमध मारायच्या, म्हणजे मत बाद. शेवटी एकीने हापशावर खरीच रिकामी बाटली आडवी ठेवली आणि म्हणाली, "हिला झोपवायची, ध्यानात ठेवा." ते मात्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

मतदानाला मुंबईहून रात्रीच्या एसटीने २३ जणी आल्या, स्वतःच्या खर्चाने. एकूण ५६३ मतं पडली. आडवी ४८६, उभी ५४, बाद २३. लागत होती ४५७. एकोणतीस मतांनी पुढे. मुंबईच्या बायका आल्या नसत्या आणि अजून सातजणी घरी बसल्या असत्या, तर दुकान आजही चालू असतं.

यात कार्यकर्त्यांचं काम नव्हतं असं मी म्हणणार नाही. नियम आम्हाला बाहेरून आलेल्या एका ताईंनी समजावला. आणि नियम तरी आकाशातून पडला नाही. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली. नियम आल्यावरही लढे थांबले नाहीत: चंद्रपूरच्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत चालत गेल्या, तिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. ते वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. तेव्हापासून मला वाटतं की जिल्ह्याची बंदी वरून येते तशी वरून जाऊही शकते. गावागावात वही धरून बसणाऱ्या बायका असल्या तर ती टिकवायला निदान कुणीतरी जागं असतं.

आमच्याकडेही दुकान गेलं म्हणजे दारू गेली असं झालं नाही. चार महिन्यांत मोटारसायकलच्या डिकीतून विक्री सुरू झाली. तेव्हा त्याच वह्या पुन्हा निघाल्या. ज्या आळीत माल उतरतो त्या आळीतली बाई नंबर टिपते, दहाजणी मिळून पोलिसांकडे जातात. कधी कारवाई होते, कधी आठ-आठ दिवस हेलपाटे पडतात. पण हायस्कूलच्या वाटेवरून पोरी आता खाली मान न घालता जातात, हे मी रोज बघते.

दुसरा फरक ग्रामसभेत पडला. ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. तेवढे नसले की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे दहा-पंधरा माणसं बसून गावाचा पैसा कुठे जायचा ते ठरवतात, तेही कायद्याने. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालायचं. मतदानानंतरच्या ग्रामसभेला शंभराहून जास्त बायकाच होत्या. पहिला विषय निघाला शाळेतल्या मुलींच्या संडासाचा, आणि तो मंजूर करूनच बायका उठल्या.

तुम्ही शहरात असाल तर तुमच्या वॉर्डाची मतदार यादी मिळवा. आधी फक्त तुमच्या इमारतीची नावं वाचा. किती मयत, किती सोडून गेलेले, किती जणांची दारं तुम्ही आजवर एकदाही वाजवलेली नाहीत, ते मोजा. वहीची आखणी कशी करायची ते मी सांगेन, इथेच विचारा.