लेकीला बी.लिब. करू द्यावं का?

ताई, पत्र वाचलं. मुलगी मराठी घेऊन बीए झाली, आता बी.लिब.च (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करायचं म्हणून अडून बसलीय, आणि तिचे बाबा म्हणतात गूगल असताना लायब्ररीत कुत्रं तरी फिरकतं का. बाबांचं निम्मं खरं आहे. पुस्तकावर शिक्का मारायचा नि रजिस्टरला नोंद करायची, एवढंच काम असेल तर ते संपल्यातच जमा.

पण माझ्या भाच्याचं सांगते. एमएच्या प्रोजेक्टसाठी एक रिसर्च पेपर पाहिजे होता, गूगलवर सापडला, उघडायला गेला तर डॉलरमध्ये पैसे मागतायत, मग पठ्ठ्या दोन दिवस फुकट कुठं मिळतो ते हुडकत बसला. शेवटी कॉलेजच्या लायब्ररीयन मॅडमकडं गेला, त्यांनी एन-लिस्टचा आयडी-पासवर्ड काढून दिला (ऑनलाइन जर्नल्स नि पुस्तकं वाचायची सोय, गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही सरकारी संस्था कॉलेजांना देते, पोरांना पत्ताच नसतो), पाच मिनिटांत पेपर हातात! वर शोधगंगा या प्रबंधांच्या साइटवर त्याच विषयाचे दोन पीएचडी प्रबंध उघडून दाखवले, ते तर कुणालाही फुकट. मुलीला हे करायला आवडणार असेल तर खुशाल जाऊ दे.

पगाराचं मात्र स्पष्ट बोलते. गावोगावची सार्वजनिक वाचनालयं राज्याच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदानावर चालतात, तिथल्या मानधनात घर चालत नाही. अभ्यासिका तेवढ्या भरलेल्या असतात, पण एमपीएससीची पोरं पुस्तकं घरून आणतात आणि कपाटाला हातसुद्धा लावत नाहीत, ही गर्दी बघून हसावं की रडावं कळत नाही. परीक्षेला लागणारा आर्थिक पाहणीचा अहवाल राज्याचा कुठला, केंद्राचा कुठला, कुठल्या साइटवर मिळतो, हे सांगणारं कुणी काउंटरला असलं तर तीच पोरं उठून विचारायला येतील की.

बी.लिब. एक वर्षाचं, पुढं एम.लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास झाली तर कॉलेजात लायब्ररीयनसाठी अर्ज करता येतो, जागा निघायला वेळ लागतो हे धरून चाला. तोवर कोहा शिकून घेऊ दे, न्यूझीलंडमध्ये बनलेलं लायब्ररीचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, घरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून बसवता येतं, तुमच्याच घरातली शंभर पुस्तकं त्यात चढवून बघ म्हणावं.

आणि फी भरायच्या आधी दोन शनिवार तिला जवळच्या वाचनालयात बसवा, लोक काउंटरला काय काय विचारतात ते वहीत लिहू दे. मग मला परत लिहा.