बाराखडी की शब्दपट्ट्या?

प्रश्न : आमचा मुलगा कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत दुसरीत शिकतो. बाई शब्दपट्ट्या दाखवून वाचन घेतात, तर सासरे म्हणतात की आधी बाराखडी तोंडपाठ झाली पाहिजे. मुलगा पट्टीवरचा शब्द फडाफडा वाचतो, पण नवा शब्द आला की अडतो, आणि लिहिताना ‘पाणि’ असे लिहितो. त्यातच कन्नडही शिकायचे आहे. आम्ही कोणाचे ऐकावे? – एक वाचक

उत्तर : आपला मुलगा पट्टी वाचत नसून ती ओळखतो आहे. ‘नदी’ची पट्टी झाकून ‘दीन’ लिहून दाखवा. अक्षरे तीच असूनही तो अडला, तर पट्ट्यांचे काम अपुरे राहिले आहे असे समजावे. अख्खा शब्द की सुटी अक्षरे, हा वाद इंग्रजीत फार पेटला, कारण तेथे अक्षर पाहून उच्चाराचा भरवसा देता येत नाही. देवनागरीत तो बराचसा देता येतो, म्हणून या बाबतीत माझा कौल अक्षरांकडे आहे.

मात्र सासऱ्यांचे म्हणणेही मी जसेच्या तसे मान्य करणार नाही. ‘क का कि की’ एका दमात म्हणणाऱ्या मुलाला मधलाच ‘कु’ विचारला, तर अनेक मुले पुन्हा ‘क’पासून सुरुवात करून बोटे मोजत तिथवर येतात. तेव्हा ग, म, भ, न अशी चार अक्षरे आणि काना एवढे येताच ‘मामा’, ‘गाभा’, ‘नाग’ वाचायला द्यावेत आणि पुढे एकेक मात्रा वाढवावी. वेलांटीपाशी थोडे थांबावे, कारण पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर.

‘पाणि’बद्दल मुलाला रागावू नये. ‘आणि’ ऱ्हस्व आणि ‘पाणी’ दीर्घ, हा फरक बोलताना कानाला कळतच नाही. त्याने एकावरून दुसरा शब्द बेतला, ही खरे तर चांगली खूण आहे. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायचे, ‘आणि’सारखी अव्यये तेवढी वेगळी, एवढा नियम सध्या पुरे. ‘फूल–फुलाला’, ‘मीठ–मिठाने’ या जोड्या चौथीच्या सुमारास घ्याव्यात. दुसरीच्या वहीत लाल शाईचा सडा नको.

कन्नडचे ओझे मानू नका. त्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घ कानाला स्पष्ट कळतो : ‘कुडि’ म्हणजे पी, तर ‘कूडि’ म्हणजे एकत्र येऊन. आपल्याकडे शेजारीपाजारी हे रोज बोलले जाते, त्यामुळे लांबी-आखूडपणा म्हणजे काय हे मुलाला तिथेच उमगते. गोंधळ होतो तो ‘ए’ आणि ‘ओ’ यांच्यापाशी : मराठी बाराखडीत एकच ‘के’ असतो, तर कन्नड कागुणितात, म्हणजे तिकडच्या बाराखडीत, ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन. म्हणून दोन्ही लिप्यांचा सराव एकाच बैठकीत घेऊ नये, आणि शक्यतो वह्याही वेगळ्या ठेवाव्यात.

जाता जाता एक गोष्ट. आपले सासरे जुन्या वळणाने ‘नांव’, ‘पांच’ असे लिहीत असतील, तर मुलगा त्या टिंबांविषयी आज ना उद्या विचारणारच. उच्चारात नसलेले ते अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले, असे आजोबांनीच त्याला सांगावे.