पोर्टफोलिओचे ५८ गुण आणि वडिलांनी केलेली दुरुस्ती

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘सर्जनशील लेखन’ या विषयाच्या पोर्टफोलिओला, म्हणजे सत्रभरातील लेखनाच्या संचाला, तिला १०० पैकी ५८ गुण मिळाले. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. कथेला गुण देणे ही प्राध्यापकांची मर्जीच नव्हे काय? तिच्या कथेतील कडक वडिलांचे पात्र मला खटकले, म्हणून मी ते काढायला लावले आणि शेवटही बदलून घेतला; तरी गुण कमीच. हा विषय सोडून तिने स्पर्धा परीक्षेची तयारी करावी का? गुणतक्ता सोबत जोडला आहे. – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : महोदय, कथेतले वडील काढायला लावल्याचे आपण इतक्या सहजपणे लिहिले आहे की पत्र वाचताना मी तिथेच थांबलो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने अभ्यासक्रमासाठी लिहिलेली कथा घरात तपासली जाते आणि न आवडलेले पात्र वगळले जाते, ही मला गुणांहून कितीतरी गंभीर बाब वाटते. त्या पात्रात आपण स्वतःला पाहिले असेल, आणि त्याचे दुःख मी समजू शकतो. पण कथेतील वडील म्हणजे आपण नव्हे, आणि काही अंशी असलात तरी ते लिहिण्याचा तिचा अधिकार त्यामुळे कमी होत नाही. यापुढे घरात कोणते वाक्य चालेल याचा अंदाज घेऊनच ती लिहू लागेल, आणि एकदा लागलेली ही सवय सुटायला फार वेळ लागतो.

आता मर्जीविषयी. सर्जनशील लेखनात प्रतिभेला गुण दिले जातात, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये आणि इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये असे अभ्यासक्रम सुरू केले, तेव्हापासून या विषयाची ओळख झाली ती कार्यशाळेच्या पद्धतीने : विद्यार्थ्याने खर्डा वर्गापुढे ठेवायचा, इतरांची चर्चा ऐकायची आणि मग पुन्हा लिहायचे. म्हणून मूल्यमापनही या पुनर्लेखनाभोवती उभे राहते. ‘सर्जनशीलता वाढेल’ असे अध्ययन उद्दिष्ट अनेक महाविद्यालये कागदोपत्री लिहितात. ते निरुपयोगी आहे, कारण ते साधले की नाही हे कोणालाच तपासता येत नाही. ‘तोच प्रसंग दुसऱ्या निवेदकाच्या दृष्टीने लिहिता येणे’ किंवा ‘खर्ड्यातील एखादा भाग का वगळला याचे कारण सांगता येणे’ ही उद्दिष्टे मात्र तपासता येतात. गणिताच्या उत्तरपत्रिकेत आपण पायऱ्यांना गुण देता, तसेच हे आहे. परीक्षकाच्या आवडीनिवडीचा अंश अर्थातच उरतो, तो मी नाकारत नाही. लेखी निकष आणि शक्य तेथे दुसरा परीक्षक यांमुळे तो आटोक्यात राहतो.

आपण पाठवलेल्या तक्त्यात हे स्पष्ट दिसते. अंतिम कथांना ४० पैकी २९ आणि सहाध्यायांच्या लेखनावरील अभिप्रायांना १५ पैकी १२ गुण आहेत, आणि ते चांगले आहेत. घसरण झाली ती दोन ठिकाणी : पहिल्या आणि अंतिम खर्ड्यातील पुनर्लेखनाला २५ पैकी ८ आणि चिंतनात्मक टिपणाला २० पैकी ९. त्या टिपणात विद्यार्थ्याने आपण केलेल्या बदलांची कारणे द्यायची असतात. जे पात्र तिने स्वतःच्या निर्णयाने काढलेच नाही, ते काढण्याचे कारण ती काय देणार? प्राध्यापकांनी काय शेरा लिहिला हे मी पाहिलेले नाही, परंतु हे गुण गेले ते मुख्यतः आपल्या दुरुस्तीमुळे, असे माझे मत आहे.

स्पर्धा परीक्षांविषयी थोडक्यात सांगतो. राज्यसेवेला कोणत्याही मान्यताप्राप्त शाखेची पदवी चालते, त्यामुळे हा विषय ठेवल्याने ती वाट बंद होत नाही. ती वाट तिला हवी आहे का, याबद्दल आपल्या पत्रात एकही शब्द नाही. केवळ या पदवीवर नोकरी मिळेल असे आश्वासन मी देणार नाही. भाषांतर, प्रकाशनातील संपादन, पटकथा, जाहिरात आणि माध्यमांतील लेखन या क्षेत्रांत सुरुवातीचे मानधन बहुधा तुटपुंजे असते. तेथे पदवीपेक्षा दाखवण्याजोगे काम पाहिले जाते आणि दिलेल्या मुदतीत, संपादकाच्या सूचना समजून घेऊन, पुन्हा लिहिणारा माणूस टिकतो. तिच्या अभ्यासक्रमात नेमके हेच शिकवले जात आहे. भाषांतरासाठी तिने मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतील वाचन वाढवावे, हा सल्ला मी तिला अवश्य देईन.

विषय बदलण्याचा निर्णय सध्या घेऊ नये. तिचा मूळ खर्डा तिच्याकडे असेल, तर त्यावरून तिने स्वतःच्या विचाराने कथा पुन्हा लिहावी आणि ती प्राध्यापकांना दाखवून निकषांनुसार कोठे उणे राहिले ते विचारावे. गुण कदाचित बदलणार नाहीत, पण पुढच्या सत्राच्या पोर्टफोलिओसाठी ही चर्चा उपयोगी पडेल. त्या भेटीला आपण सोबत जाऊ नये, आणि नवी कथा तिने आपणहून दिल्याशिवाय मागू नये.