पास होण्याचा आकडा तज्ज्ञ नेमका कसा काढतात, की तो आधीच ठरलेला असतो?

"आधीच ठरलेला असतो" हे वाचलं आणि राहवलं नाही. नर्सिंगच्या परवाना परीक्षेसाठी अशा तज्ज्ञांच्या बैठकीत मी दोन दिवस बसले आहे. आकडा कोणी खिशातून काढत नाही. पण तो कुठे दडलेला असतो आणि आपण शोधून काढतो, असंही नाही. तो ठरवावाच लागतो.

पद्धत होती अँगॉफची. विल्यम अँगॉफ या परीक्षातज्ज्ञांनी ती 1971 मध्ये एका पुस्तकातल्या प्रकरणात ओझरती सांगितली. आज वापरतात तो प्रकार तर तिथे तळटीपेत आहे. काठावर पास होणारी उमेदवार डोळ्यांसमोर आणायची. अशा शंभर जणींपैकी हा प्रश्न कितींना जमेल, ते प्रत्येक प्रश्नासमोर लिहायचं. मग ते आकडे शंभराने भागून बेरीज, सगळ्या तज्ज्ञांची सरासरी, झाला कटऑफ.

आमचं अडलं सलाईनच्या एका प्रश्नावर. 500 मिली, 4 तासांत, नळीचा सेट मिलीला 15 थेंबांचा. मिनिटाला थेंब किती? उत्तर साधारण 31. मी 90 लिहिलं, शेजारच्या ज्येष्ठ मॅडमनी 40. मी म्हटलं, "मॅडम, जिला हे येत नाही तिच्या हातात पेशंट द्याल?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तू काय यायला हवं ते लिहितेस. मी काय येतं ते लिहिते." पर्यायांत 125 होतं, म्हणजे तासाचे मिली. 1875 आणि 2 कोणीही खोडेल, उरले दोन, आणि काठावरची मुलगी 125 लाच फसते, असं त्यांचं म्हणणं. (पर्याय खोडत जायचा हा हिशोब नेडेल्स्की नावाच्या अभ्यासकाचा, 1954 चा. मॅडमनी त्याचं नावही ऐकलं नसावं.)

दुसऱ्या फेरीआधी खऱ्या परीक्षार्थींचे निकाल दाखवले. निम्म्यांहून थोड्याच जास्त जणींना जमलं होतं. सगळ्यांनी भराभर आकडे खाली आणले. मीही, 60 वर. त्याचा राग अजून गेलेला नाही. निकाल बघूनच ठरवायचं तर आम्हाला बोलावलं कशाला?

तुम्हाला कधी बोलावलं तर एवढं करा: काठावरची उमेदवार म्हणजे काय येणारी आणि काय न येणारी, हे आधी सगळ्यांनी मिळून कागदावर उतरवा. आमच्याकडे ते दहा मिनिटांत उरकलं. माझ्या डोळ्यांसमोर मी घडवलेली मुलगी होती, मॅडमच्या डोळ्यांसमोर त्यांच्याकडे दोनदा नापास झालेली. आणि आकडा बदलायचा तर कारण लिहून बदला. शेजारी ज्येष्ठ आहेत, हे कारण नव्हे.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. सगळीकडे अँगॉफ नसतो. बुकमार्क पद्धतीत प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावतात आणि तज्ज्ञ एका जागी खूण ठेवतो. पुष्कळ परीक्षांत टक्केवारी नियमातच लिहिलेली असते. तिथे तुमचा संशय बरोबर आहे. आणि तज्ज्ञांचा आकडा ही बहुधा शिफारस असते, शेवटची सही मंडळाची.

आणखी एक, मॅडमना सांगू नका. अँगॉफमध्ये सहसा "जमेल का" असंच विचारतात, "जमायला हवं का" असं नाही. आमचे प्रश्न होते 100 आणि तज्ज्ञ 10. माझे 90 चे 60 झाल्याने कटऑफ खाली आला 0.03 गुणाने. तेवढ्यावरून मी त्यांच्याशी तीन महिने बोलले नव्हते.