आउटडोअरच्या पदवीत पहिल्या वर्षी चढाई का शिकवत नाहीत, आणि सोलापुरात राहून काय करता येईल

ताई, तुमची मुलगी बारावी झाली आहे आणि तिला ट्रेकिंग-कॅम्पिंगच्या क्षेत्रातच काम करायचं आहे. तिने एका परदेशी विद्यापीठाचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम दाखवला. त्यात दोर, कडे, बर्फ जवळजवळ नाहीच. जोखीम कशी ओळखायची, गट कसा सांभाळायचा, प्रथमोपचार, नकाशा, निसर्गात वावरायचे नियम आणि दर फेरीनंतर लिहायची डायरी, एवढंच. यासाठी एवढे पैसे ओतायचे का, आणि सोलापुरात डोंगर नाही तर इथे हे शिकणार कुठे, हे तुमचे दोन प्रश्न. मी शाळा-कॉलेजच्या मुलांचे कॅम्प चालवतो, त्यासाठी नवे लीडर निवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अभ्यासक्रम अगदी योग्य आहे. स्वतः गड चढणं आणि दुसऱ्यांची पंचवीस मुलं गडावर नेऊन घरी सुखरूप पोचवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पगार दुसऱ्या कामाचा मिळतो. अमेरिकेत पॉल पेटझोल्ट या गिर्यारोहकाने १९६५ साली वायोमिंगमध्ये 'नोल्स' (नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल) ही संस्था काढली, ती याच कारणाने. मुलांना रानात नेणाऱ्या शाळा निघाल्या होत्या, पण नेण्यासाठी तयार माणसं मिळत नव्हती. त्याचा सगळा भर एका गोष्टीवर होता: निर्णय. तुमच्या मुलीने दाखवलेल्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचा गाभाही हाच आहे.

मुलाखतीला आलेल्या पोरांना मी एक प्रसंग देतो. वरून परत फिरायची वेळ चारची ठरली आहे. चार वाजलेत, माथा पंधरा मिनिटांवर दिसतोय, मुलं 'सर, चला ना' म्हणतायत आणि मागे एक मुलगी लंगडतेय. काय कराल? खूप गड चढलेले कितीतरी जण 'पटकन वर जाऊन येऊ' म्हणतात. त्यांना मी घेत नाही. परत फिरायची वेळ घरून निघतानाच का ठरवतात, हे ज्याला समजलंय तो मला हवा असतो. वर गेल्यावर उत्साह बोलायला लागतो, म्हणून निर्णय आधीच घेऊन ठेवायचा असतो.

डायरीला तुम्ही नावं ठेवलीत, पण मला ती सर्वांत मोलाची वाटते. आज किती मजा आली, हे तिच्यात लिहायचं नसतं. कोणता निर्णय घेतला, तेव्हा काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं आणि काय होता होता टळलं, हे लिहायचं. मुलगी उद्यापासून हे करू शकते. वहीला फी लागत नाही.

आता सोलापूर. डोंगर नाही हे खरं, पण पहिल्या वर्षात जे शिकायचं ते शिकायला हा जिल्हा कमी नाही.

उन्हापासून सुरुवात करू. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. उन्हाने थकलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांतला फरक लीडरला झटकन ओळखता आला पाहिजे. घाम, चक्कर, मळमळ, पण बोलणं शुद्धीचं असेल तर सावली, विश्रांती, मीठ-साखरेचं पाणी. बोलण्यात गोंधळ आला, माणूस भलतंच बरळायला लागला, तोल जायला लागला, की तो उष्माघात धरायचा, अंगाला घाम असो वा नसो. तेव्हा १०८ ला फोन करायचा आणि गाडीची वाट बघत न बसता अंग ओलं करून वारा घालायला लागायचं, कारण तिथे मिनिटं मोजावी लागतात. शुद्ध हरपत असलेल्याला पाणी पाजायचं नाही. सापाचंही तसंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, कोणताही असो. जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं बंद. हातपाय हलू द्यायचे नाहीत आणि प्रतिविष असलेलं हॉस्पिटल गाठायचं. ते हॉस्पिटल कोणतं, हे कॅम्पच्या आधी फोन करून विचारून ठेवायचं असतं. परदेशी अभ्यासक्रमातली 'आपत्कालीन योजना' म्हणजे हेच.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. सपाट माळावर दिशा चुकणं सोपं असतं, कारण ओळखीची शिखरं नसतात; होकायंत्र धरून चालायचा सराव तिथे उत्तम होतो. चालण्याच्या वेळेचा नेस्मिथचा जुना हिशेबही तिला शिकवा: पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. हा धडधाकट माणसाचा हिशेब आहे. शाळेच्या मुलांना घेऊन जाताना तो सढळ हाताने वाढवायचा.

नान्नजला तुम्ही गेला असालच. माळढोकाचं अभयारण्य म्हणून ते प्रसिद्ध, आणि आता माळढोक दिसणं जवळजवळ संपलंय. या पक्ष्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. 'कचरा करू नका' एवढाच निसर्गाचा नियम समजणाऱ्या लीडरने गट गवतात पसरवला, तर खाली काय तुडवलं हे त्याला कळणारसुद्धा नाही. वाट सोडायची नाही, वनखात्याची परवानगी काढायची, काळवीट किंवा लांडगा दिसला तर पाठलाग करायचा नाही. हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. माळरानाला लोक ओसाड समजतात आणि तिथेच बेफिकीर होतात.

उजनी धरणाबद्दल लिहिताना हात जड होतो. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. ती रोजच्या ये-जा करणाऱ्या लोकांची बोट होती, पर्यटनाची नव्हे. पण रोहित पक्षी बघायला मुलांना बोटीतून नेणाऱ्याने त्या दिवसाचा अभ्यास केलाच पाहिजे. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचं वारं केव्हा उठेल सांगता येत नाही, म्हणून फेरी सकाळी. लाइफ जॅकेट अंगात, बंद लावलेलं. बोटीच्या तळाशी ढीग करून ठेवलेलं नव्हे. नावाडी कितीही ओळखीचा असला तरी नाही म्हणायची ताकद लागते, आणि ती वर्गात प्रसंग उभे करून शिकवता येते. मुलीला पोहणं येत नसेल तर आधी ते. पुढे पाण्याकडे ओढा दिसला तर गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे जीवरक्षकाचं प्रशिक्षण मिळतं.

मग शिक्षणाचा रस्ता कसा आखायचा? माझं स्पष्ट मत: पदवी इथेच, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात घ्या. भूगोल, पर्यावरण, मानसशास्त्र, काहीही चालेल. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीमध्येच फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक असतात. ते एखाद्या चांगल्या कॅम्पवर करता येतील का, हे प्रवेश घेतानाच विचारा. जोडीला एनसीसी. गिर्यारोहण संस्थांच्या कोर्सना एनसीसी आपले कॅडेट पाठवते, हा फायदा इथल्या पालकांना सहसा माहीत नसतो.

चढाईचं तंत्र पदवीत नाही, या संस्थांत मिळतं: दार्जिलिंगची १९५४ सालची, मनालीची, उत्तरकाशीची १९६५ सालची. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा. त्यात 'ए' ग्रेड मिळाली तर ॲडव्हान्स, आणि त्यातही चांगली ग्रेड मिळाली तर शिकवण्याची पद्धत शिकवणारा कोर्स. पहिल्याच कोर्सची ग्रेड पुढचं दार उघडते, म्हणून दम कमवल्याशिवाय तिला धाडू नका. मुलींच्या वेगळ्या तुकड्याही असतात. बचेंद्री पाल उत्तरकाशीतच शिकल्या, १९८४ मध्ये एव्हरेस्टवर गेल्या आणि नंतर जमशेदपूरला टाटा स्टीलच्या साहस प्रशिक्षण संस्थेचं काम त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. याला मी करिअर म्हणतो.

परदेशी पदवी पुढे घेता येईल, दोन-तीन हंगाम काम करून झाल्यावर. तेव्हा तिला काय हवं ते तिचं तिला ठाऊक असेल. आत्ता कर्ज काढू नका. हे काम हंगामी आहे, सुरुवातीची मिळकत थोडी असते, आणि डोक्यावर हप्ता असला की माणूस नको त्या संस्थेत नको ते काम पत्करतो.

संस्था निवडताना एक बघा. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद मागा. लीडरच्या प्रथमोपचार प्रमाणपत्राची तारीखही विचारा. टाळाटाळ झाली तर मुलीला तिथे शिकायलाही पाठवू नका.

एनसीसीची भरती सत्राच्या सुरुवातीलाच होते, म्हणून कॉलेज ठरवताना तिथे मुलींसाठी युनिट आहे का, हे पहिलं विचारा. मुलीला वाटलं तर तिने स्वतः इथे लिहावं. बेसिक कोर्सआधी दम कसा वाढवायचा, ते तिला आठवड्यानुसार लिहून देतो.