वडिलांचं पथ्य तुमच्या ताटात

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीचा, वय 39. आमचे यंत्रमाग आहेत. आश्विनात वडील गेले, 66 वर्षांचे होते. वीस वर्षांची शुगर, त्यातून किडनी खराब झाली. शेवटचे सात महिने डायलिसिस. तेरावं झालं त्या दिवशी ठरवलं, आपण या वाटेनं जायचं नाही. भात, साखर, तूप, केळी, टोमॅटो, शहाळं सगळं बंद केलं. डाळ आठवड्यातून दोनदाच. चहात गूळ घालतो, पहाटे कारल्याचा रस घेतो. आई वडिलांसाठी भाजी चिरून, उकळून, पाणी ओतून देऊन करायची, ती तशीच करते आणि मी खातो. अडीच महिन्यांत 7 किलो उतरलो. पण मागावर उभं राहिलं की पाय थरथरतात, संध्याकाळी कुणावरही ओरडतो. बायको-मुलांचा स्वयंपाक वेगळा. आई चहा-बिस्किटावर असते. वडिलांकडे वेळेत लक्ष दिलं नाही ही टोचणी जात नाही. अजून काय बंद करू?

उत्तर : दादा, आता बंद काहीच करू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना वाटलं की हे किडनीच्या रुग्णानं लिहिलंय.

भाजी उकळून पाणी ओतून द्यायचं ते भाजीतलं पोटॅशियम कमी करायला. बिघडलेल्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून केळं, शहाळं, टोमॅटो, पालक यांवर बंधन. डाळ कमी करायला सांगतात तीही किडनी थकलेली असते आणि डायलिसिस सुरू झालेलं नसतं तेव्हा. डायलिसिस सुरू झालं की उलट प्रथिनं वाढवावी लागतात. हे सगळं वडिलांचं पथ्य आहे. ते तुम्ही सुतकातून उठल्यावर आपल्या ताटात वाढून घेतलंत. चाळिशीतल्या धडधाकट माणसाला डाळ, उसळ, टोमॅटो, पालेभाजी हवीच. मागावर उभं राहणाऱ्याचे पाय याशिवाय थरथरणारच.

आईंनाही दोष देऊ नका. आमचे अप्पा गेले तेव्हा त्यांना मीठ बंद होतं. त्यांच्या माघारी सात-आठ महिने आमच्या घरी आमटी अळणीच व्हायची. आईचा हात मिठाच्या बरणीकडे जायचाच नाही. आम्हीही गप्प खायचो. बोललं तर ते गेले हे पुन्हा एकदा म्हणावं लागलं असतं.

आता एक गोष्ट मात्र या आठवड्यात करा, पुढे ढकलू नका. अडीच महिन्यांत 7 किलो उतरणं हे कमी खाण्यानं असेल, दुःखानं असेल, पण न कळलेल्या मधुमेहानंही वजन असंच उतरतं. रात्री लघवीला उठावं लागतं का, तहान जास्त लागते का, ते आठवून बघा आणि काही असो-नसो, तपासणी करा. उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), रक्तदाब, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनी नीट गाळते का ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. हे शेवटचं आवर्जून सांगून करून घ्या. मधुमेहात किडनी बिघडू लागली की क्रिएटिनिन उशिरा वाढतं, लघवीत अल्ब्युमिन त्याच्या बरंच आधी दिसतं. एचबीए1सी 5.7 च्या खाली आलं तर उत्तम, 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 किंवा वर गेलं तर डॉक्टरांकडे जायचं.

उंबरठ्यावर निघालात तरी हातपाय गाळू नका. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच उंबरठ्यावरच्या माणसांचा अभ्यास केला, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी खाण्यात-चालण्यात काही बदल केला नाही त्यांच्यातले तीन वर्षांत 55 टक्के मधुमेही झाले. ज्यांनी बदल केला त्यांच्यात 39 टक्के. आणि त्यांची वजनं फारशी उतरलेली नव्हती. रोजचं अर्धा तास चालणं आणि बेतानं खाणं, एवढ्यावर हा फरक पडला.

गुळाचं सांगते. रक्तातली साखर गुळानंही तशीच वाढते. वडील माग चालवायचे, म्हणजे कामगारांबरोबर दिवसाला सहा-सात चहा झालेच असतील. एका कपात दोन चमचे धरले तर सात कपांत जवळपास 70 ग्रॅम साखर होते, महिन्याला दोन किलोंवर. तुमचेही कप मोजा. दोन ठेवा, त्यात हवी तर अर्धा चमचा साखरच घाला. कारल्याचा रस सोडा, कारल्याची भाजी खा.

दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, न ओतलेली भाजी, काकडी-कांदा, ताक. भात आवडत असेल तर एक वाटी, पण आधी भाजी-वरण खाऊन मग. भाकरीवर चमचाभर तूप चालेल. मटणाचा रस्सा रविवारी जरूर करा, वरचा कट तेवढा काढून घ्या. पापड, लोणचं, फरसाण यांना मात्र खरंच आवर घाला. दिवसाचं मीठ सगळं मिळून चमचाभराच्या आत असावं, ते यांतच निम्मं जातं. कमरेला टेप लावा, नव्वद सेंटिमीटरच्या आत असू दे. आणि हे सगळं एकाच पातेल्यात, बायको-मुलांसकट. ज्या पथ्यासाठी घरात दोन चुली लागतात ते टिकत नाही, हे मी इतक्या घरांत पाहिलंय.

टोचणीबद्दल. वीस वर्षांची शुगर एका मुलाच्या दुर्लक्षानं किडनीपर्यंत जात नाही. सात महिने डायलिसिसला त्यांच्याबरोबर कुणीतरी जात होतंच ना? ते तुम्हीच असणार.

तुम्ही स्वतःच्या ताटाबद्दल एवढं लिहिलंत आणि आईंबद्दल चार शब्द : चहा-बिस्किटावर असते. माझा जीव तिथं अडकला. इतके दिवस ज्यांच्या तब्येतीसाठी त्या स्वयंपाक करत होत्या त्यांचं ताट आता समोर नाही. तपासणीला जाल तेव्हा त्यांनाही न्या, हिमोग्लोबिन आणि साखर बघा. रात्री त्यांच्या शेजारी पाट टाकून बसा, आणि विचारा की वडिलांना पथ्य लागण्याआधी या घरात काय काय शिजायचं. त्या सांगतील ते लिहून मला पाठवा, तुमच्या रिपोर्टांबरोबर. त्यातलं काय काय ठेवता येईल ते आपण बघू.