पहिली जुनी फ्रेंच कुपी घेताना

अत्तराच्या जुन्या फ्रेंच कुप्या जमवायचा छंद फार सुंदर निवडलात! सुरुवातीला काचेच्या कारखान्यांची दोनच नावं धरा: लालिक आणि बाकारा. बाकीचे कारखाने हळूहळू ओळखीचे होतील.

रने लालिक मुळात दागिने घडवणारा. अत्तरवाला फ्रांस्वा कोती याच्यासाठी काम करता करता तो काचेत रमला आणि साच्यातून कुप्या काढू लागला. त्यामुळेच देखणी कुपी कितीतरी जास्त लोकांच्या हाती पोहोचली. 1945 मध्ये तो गेला. हयातीतल्या कुप्यांवर सहसा 'आर. लालिक' अशी सही असते, नंतरच्यांवर तो 'आर' नाही. नवखे इथेच फसतात. सही दिसली की पैसे मोजतात. सही मागाहूनही कोरता येते! आधी काच बघा, नक्षीच्या कडा बघा, सही शेवटी.

मग बूच. काचेचं बूच त्या-त्या कुपीच्या गळ्यात घासून बसवलेलं असे. बाकाराच्या पुष्कळ कुप्यांत बुचावर आणि कुपीवर एकच आकडा कोरलेला सापडतो. आकडे जुळत नसतील किंवा बूच डुगडुगत असेल, तर बूच बहुधा दुसऱ्याच कुपीचं. पूर्ण किंमत देऊ नका.

घरी आणल्यावर:
- अडकलेलं बूच पिळू नका. कडेने थेंबभर तेल सोडा, रात्रभर थांबा.
- गरम पाणी नको, कोमट चालेल.
- नक्षीच्या खाचांत दिलेला रंग घासू नका, तो परत येत नाही.
- जुनं लेबल भिजवू नका.

दुर्मीळ रंगांच्या मागे आत्ताच लागू नका. पहिली कुपी कोतीची एखादी साधी, स्वस्तातली घ्या.